मदत हवी आहे : चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर षड्ज लहरतो

हौस म्हणून चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर घरी ध्वनिमुद्रण शिकत आहे. पेटीचा लांबवलेला षड्ज ध्वनिमुद्रित करून ऐकला की तो सेकंदाला साधारण दोनदा किंचित लहरतो; गाण्यात हे लपते, पण नुसत्या सुरावर फार खुपते. हेड, कॅपस्टन (टेप ठरावीक वेगाने ओढणारा फिरता दांडा) आणि टेप त्यावर दाबून धरणारा रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मोटरचा पट्टा नवा घातला, टाइप दोनच्या (क्रोम किंवा तत्सम टेपच्या) साठ मिनिटांच्या तीन कॅसेट वापरून पाहिल्या. फरक पडला नाही. यंत्राचा वेग सेकंदाला ९.५ सेंटीमीटर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट असल्याने बाजारातली गाण्याची कॅसेट यावर सप्तकभर वर वाजते आणि पडताळणीस सोयीची नाही. ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) नाही, मात्र आवाज संगणकात घेता येतो. लहरण्याच्या या गतीवरून दोष रबरी रोलरचा की मोटरचा, हे नवा रोलर मागवण्यापूर्वी खात्रीने कसे ओळखावे?