'स्वामी' परत पाहताना... तुमच्या आठवणी सांगा

परवा कपाट आवरताना आजीची 'स्वामी' कादंबरी सापडली. खाकी कव्हर, त्यावर निळ्या शाईत 'वाचून झाल्यावर जागेवर ठेवणे'. तिथेच फरशीवर बसले. आवरणं राहिलं, ते अजून राहिलेलंच आहे. रात्री दूरदर्शनवरच्या मालिकेचे जे भाग मिळाले ते मोबाइलवर पाहिले. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, माधवराव पेशवे रवींद्र मंकणी, त्यांची बायको रमा मृणाल देव (आताच्या मृणाल कुलकर्णी). चित्र धुरकट, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि पाच मिनिटांत मी परत फ्रॉकात, सतरंजीवर.

तेव्हा माधवराव मला बाबांपेक्षाही मोठे वाटायचे. काल बोटांवर हिशेब केला. जन्म 1745, पानिपतानंतर 1761 मध्ये पेशवाई, 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला क्षयाने गेले. म्हणजे 27 वर्षं! माझा मुलगा 27 चा आहे. त्याचा परवा फोन, "आई, फोडणीत आधी हिंग की मोहरी?" हसू नका. फोन ठेवला आणि मला रडू आलं.

तुम्ही कुठे, कोणाबरोबर पाहिली होती? लिहा.

गच्चीवरचा अँटेना
मी पाहिली नाही, ऐकली. अँटेना धरून गच्चीत मी उभा. खालून "आता दिसतंय... गेलं... तसाच थांब!" तसाच थांबायचो. पेशवाई संपली तरी कोणी खाली बोलवायला आलं नाही.

दुपारची चारची
😂😂 आमच्याकडे हे काम धाकट्या काकाकडे.
हिंग की मोहरी ते सांगा ना पण.

कोरा चहा
मोहरी. ती तडतडली की हिंग. हा काय प्रश्न आहे?

मिरजकर
आमच्या घरात ही मालिका पूर्ण कधी पाहिली गेली नाही. माधवराव खोकायला लागले की आजी उठून स्वयंपाकघरात जायची. आधी वाटायचं, भाकऱ्या असतील. एकदा पाणी प्यायला गेलो तर चूल बंद, ती भिंतीकडे तोंड करून उभी. आजोबांना तरुणपणी क्षय झाला होता, मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये कित्येक महिने काढले. त्यांना औषधं मिळाली, ते वाचले. 78 वर्षांचे होऊन गेले. मालिका लागली की आजोबा आरामखुर्चीत बसून डोळे न हलवता बघायचे आणि आत आजी. दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली असतील असं वाटत नाही.
घाईत लिहितोय, बस आली.

दुपारची चारची
मिरजकर 🙏 काय बोलू.

तळटीप
एक सांगू का, राग मानू नका. 'स्वामी' ही कादंबरी आहे. रणजित देसाईंनी 1962 मध्ये लिहिली, साहित्य अकादमीही मिळालं, सगळं मान्य. पण लोक त्यातले संवाद बखरीतले असल्यासारखे सांगतात. रमा-माधवांचं खाजगीतलं बोलणं ऐकायला तिथे कोण बसलं होतं?

कोरा चहा
तळटीप, आले का तुम्ही. वाटच बघत होतो.
अहो पण राक्षसभुवन तर खरं ना? 1763, निजामाचा पराभव, पोरगा 18 वर्षांचा. काकानेच, राघोबाने, आधी निजामाला जवळ केलं होतं, आणि त्याच काकाला घेऊन लढला.

तळटीप
राक्षसभुवन खरंच आहे. मी कुठे नाही म्हटलं.

पेशवे नंबर दोन
वाड्याच्या चौकात आम्ही 'स्वामी स्वामी' खेळायचो. माधवराव व्हायला पाच जण तयार, राघोबा व्हायला कोणी नाही. मग ज्याची बॅट नव्हती तो राघोबा. तो म्हणजे मी. आईचा शेला डोक्याला गुंडाळून कारस्थानं करायचो. अजूनही गावी गेलो की एक मित्र "काय दादासाहेब" म्हणूनच हाक मारतो. आता तो वाडा पाडून तिथे पार्किंग झालंय.

सासूबाई नाही हो मी
धागाकर्तीचा वयाचा हिशेब वाचून आठवलं. 2014 चा 'रमा माधव' पाहिलात का? मृणाल कुलकर्णींचंच दिग्दर्शन, आणि त्यात त्या गोपिकाबाई! मंकणी नानासाहेब. म्हणजे तेव्हाचे रमा आणि माधव आता माधवाचे आईबाप. थिएटरात माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "अगो, ही रमाच सासू झाली की." मला पुढची दहा मिनिटं पडद्यावर काय चाललंय तेच कळेना.

गच्चीवरचा अँटेना
हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या. च्यायला.

कोरा चहा
आमच्याकडे गोपिकाबाईंवरून भांडणं. आई म्हणायची, नवरा गेला, थोरला विश्वासराव पानिपतावर गेला, त्या बाईने कडक नाही व्हायचं तर काय. आत्या म्हणायची म्हणून काय सुनेला... पुढचं वाक्य दरवेळी आमच्या आजीकडे बघून अर्धवट सोडायची.

नदीकाठ
मालिका अजिबात आठवत नाही, तेव्हा रांगत असेन. पण थेऊर आमच्या नेहमीच्या वाटेवर. अष्टविनायकवाले येतात, चिंतामणीचं दर्शन घेतात, लाकडी सभामंडपात बसून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. माधवराव याच देवळाच्या आवारात गेले हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. नदीकडे रमाबाईंचं सतीवृंदावन आहे, तिकडे तर कोणी फिरकत नाही. मी एकदा गेलो तर एक म्हातारे गृहस्थ एकटेच उभे होते, पिशवीत एक फूल. म्हणाले, "पुस्तक वाचलं तेव्हापासून येतो." कुठलं पुस्तक ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

दुपारची चारची
मला सती जातानाचा भाग लहानपणी फार उदात्त वगैरे वाटला होता. आई टीव्हीसमोर हुंदके देतेय, आम्हीपण. परवा पाहिला तर नुसता राग आला. एवढीशी पोर ती! कोणी हाताला धरून मागे कसं ओढलं नाही. तरी रडलेच, ते वेगळं.

तळटीप
याच्याशी मात्र पूर्ण सहमत.

पेशवे नंबर दोन
तळटीप सहमत!! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

मिरजकर
घरी पोचलो. आईला विचारलं आत्ता, आजी आत का जायची. ती म्हणाली, आजोबा सॅनिटोरियममध्ये होते तेव्हा आजी 19 वर्षांची होती, आणि माहेरून न्यायला आले होते. ती गेली नाही. एवढंच बोलली आणि भाजी निवडायला लागली.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर देते सावकाश. मिरजकर, तुमचं दोनदा वाचलं.
मुलाला काल रात्री पहिला भाग लावून दिला. अर्ध्यात विचारतो, "आई, हे सगळे एवढं हळू का बोलतात?" पण उठला नाही. दुसराही लाव म्हणाला.

कोरा चहा
फोडणी जमली का त्याला?

धागाकर्ती
करपली.