मदत हवी आहे: सातवाहन शिकवायचेत, नेमकं कुठे जाऊ?

खडूवाली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. ४ दिवस सुट्टी आहे आणि सातवाहनांसाठी कुठेतरी जाऊन यायचंय, म्हणजे वर्गात काहीतरी धड सांगता येईल. दरवर्षी हा धडा आला की पोरं माना टाकतात. सिमुक, सातकर्णी, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माझं मलाच पाढे म्हटल्यासारखं वाटतं. नेटवरचे फोटो दाखवून झाले, प्रोजेक्टरवर दगड तो दगडच दिसतो. एकच ठिकाण नीट बघायचंय, दहा ठिकाणं नकोत. कुठलं? लवकर सांगा, परवा निघायचंय.

सहलप्रमुख
ताई, आधी पालकांची लेखी संमती घ्या, त्याशिवाय एक पाऊल हलू नका. मग मुख्याध्यापकांचं पत्र, एसटीची शैक्षणिक सहलीची सवलत मिळते तिचा अर्ज आगारात वेळेत द्यावा लागतो, प्रथमोपचार पेटी, आणि दर दहा मुलांमागे एक शिक्षक. मी १४ वर्षं सहली काढल्यात. उलटीच्या गोळ्या विसरू नका.

खडूवाली
अहो मुलं नाहीयेत बरोबर! मी एकटी चाललेय.

सहलप्रमुख
मग तसं लिहायचं ना.

दगडधोंडे
कितवी? कुठून निघताय? गाडी आहे की एसटी? चढण झेपते का? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि म्हणे लवकर सांगा.

खडूवाली
सहावी. सातवाहन म्हटल्यावर सहावीच ना. पुण्यातून. गाडी नाही. गुडघा बरा आहे पण उतरताना कुरकुरतो.

सह्यभटक्या
नाणेघाट. विषय संपला. वैशाखऱ्याकडून चढा, तीच खरी वाट, सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल ह्याच वाटेने वर जुन्नरला यायचा. दगडी पायऱ्या चढून घामाघूम होऊन गुहेत पोचलात की धडा आपोआप कळतो. वरून गाडीने येणाऱ्यांना घाट कळतच नाही.

दगडधोंडे
त्यांनी आत्ताच गुडघा सांगितला. जुन्नर-घाटघर बाजूने जा ताई, जुन्नरपासून तीसेक किमी, गाडीरस्ता थेट वर पठारापर्यंत आहे, मग गुहेपर्यंत थोडंच उतरायचं. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, स्टँडवर परतीची वेळ विचारूनच पुढे जा.

लेणीवेडा
मी कार्ले सुचवेन. चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनाच्या, छताला लाकडी कमानी आहेत, त्या मूळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. पोरांना सांगा की दगडात कोरलेल्या छताला लाकडाची गरजच नव्हती, मग कशाला बसवल्या असतील? अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही. शिवाय खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे परदेशी लोक, वगैरे. राजे सोडा, माणसं दाखवा.

सह्यभटक्या
कार्ल्याला सुट्टीत एकवीरेची रांग असते, लेणं बघणार की डोकी मोजणार?

लेणीवेडा
आणि नाणेघाटात काय, पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला येणारे रील काढतात ते?

नाणेवाला
तुम्ही दोघं भांडा. ताई, नाशिक. पांडवलेण्यांतल्या ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, म्हणजे आईने लेकाचं केलेलं कौतुक. लेक म्हणजे गौतमीपुत्र. मुलांना आई लगेच कळते. आणि जोगळटेंभीचं घबाड विसरू नका, १९०६ साली गौतमीपुत्राचा शत्रू क्षत्रप राजा नहपान याची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलाय. शत्रू हरला, नाणं तेच, वर शिक्का आपला. याहून सोपं काय? नाणी बघायची सवय करायची तर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संस्थेचं संग्रहालय आहे, फोन करून जा.

गडकरी_नव्हे
जुन्नरला जाऊन शिवनेरी न बघता येणार?? कमाल आहे.

खडूवाली
शिवराय चौथीला. मी सहावी सांगितलं वर.

नाणेवाला, नाण्याचं आवडलं, ते वर्गातही करता येईल, मातीच्या चकत्यांवर दोन ठसे एकावर एक. पण ठिकाण एकच निवडायचंय हो. नाणेघाटाला नेमकं काय बघू? मला तिथला तो मोठा रांजणच आठवतो, जकातीचा.

दगडधोंडे
रांजण जकातीचा हे सगळेच सांगतात. त्यावर तसं लिहिलेलं नाही. पाणी साठवायलाही असेल.

सह्यभटक्या
घाटाच्या तोंडावर रांजण कशाला ठेवतील मग? शोभेला?

दगडधोंडे
मी तेच विचारतोय, पुरावा काय.

लिपीकार
रांजण राहू द्या. गुहेत शिरल्यावर डाव्या-उजव्या भिंतींवर सातकर्णीच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानाची यादी. समोर बघत राहिलात तर अक्षरं दिसणार नाहीत. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, अक्षरं सावलीने उठून येतात. मग आकडे शोधा. गायी, कार्षापण (तेव्हाची नाणी) आकड्यांत दिलेत, आणि शून्य नाही. दहाला, शंभरला, हजाराला वेगवेगळी खूण. सातशे लिहायचे तर शंभरच्या खुणेला सात जोडलाय. वर्गात पोरांना शून्य न वापरता १,७०० लिहायला लावा, अशा खुणा देऊन. गणिताच्या बाईंनाही आवडेल.

मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका वगैरेंच्या मूर्ती होत्या. आता वर नावं राहिलीत आणि खाली पावलं. मधलं सगळं गेलं.

आणि ताई, नाव खडूवाली असलं तरी अक्षरांत खडू भरू नका. फोटोला छान दिसतं म्हणून लोक भरतात आणि दगडाची वाट लागते. कागद लावून ठसाही नको, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

खडूवाली
ठरलं. नाणेघाट, वरच्या बाजूने. एक रात्र जुन्नर. जमलं तर तुळजा लेणी, तो गोल चैत्य आणि त्याचे १२ खांब बघायचेत. दहा ठिकाणं नकोत म्हणाले होते पण असो.

गडकरी_नव्हे
तुळजा लेणीला जाणार म्हणजे शिवनेरीच्या जवळूनच जाणार. बघा बाई.

खडूवाली (आठ दिवसांनी)
जाऊन आले. शिवनेरी लांबून बघितला, खूश व्हा. गुहेत पहिली दहा मिनिटं काही दिसेना, मोबाईलचा उजेड सरळ मारत होते ना, मग लिपीकारांचं आठवलं आणि आडवा धरला, तर एकदम ओळीच्या ओळी वर आल्या. अंगावर काटा आला. रांजणात वाकून बघितलं, आत थोडं पाणी आणि बिस्किटाचा कागद.

काल वर्गात फक्त मागच्या भिंतीचा फोटो लावला, काही सांगितलंच नाही. शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, बाई, पावलं दोघांचीच जवळजवळ आहेत, ते नवराबायको का? नावं वाचायला मग सगळेच ब्राह्मीचा तक्ता मागायला लागले. तास संपला, सिमुक राहिलाच. लिपीकार, ब्राह्मीचा मोठा, स्वच्छ तक्ता कुठे मिळेल? उद्याच हवाय.

सहलप्रमुख
आता मुलांना न्यायचं म्हणतील. संमतीपत्राचा नमुना हवा असेल तर सांगा.

निवांत
धागा उशिरा बघितला. उलटा धबधबा चालू होता का हो?