मदत हवी आहे: 'हायक्यू' आणि 'बर्निंग कबड्डी' संपलं, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. मी कळव्याची. भाचा नववीत आहे, मंडळाकडून कबड्डी खेळतो आणि उरलेल्या वेळात जपानी कार्टून म्हणजेच अ‍ॅनिमे बघतो. त्याच्या नादाने मीही लागले, त्यामुळे प्रश्न दोघांचा आहे.

व्हॉलीबॉलवरच्या 'हायक्यू'चे चारही सीझन, म्हणजे ८५ भाग, झाले. मग सापडलं 'बर्निंग कबड्डी'. २०२१चं, फक्त १२ भाग. जपानी शाळेतली पोरं चक्क कबड्डी खेळतायत! नायक फुटबॉल सोडून बसलेला, खेळाचं नाव काढलं तरी वैतागणारा. त्याला संघात ओढतात. भाच्याने आधी नाक मुरडलं. ३० सेकंदांच्या चढाईत माणूस एवढा विचार कधी करतो म्हणे! (बरोबरच आहे.) पण पकडीतून सुटून मधल्या रेषेला हात पुरतो की नाही, इथे स्वारी सोफ्यावर उभी.

'ब्लू लॉक' त्याला आवडलं, मला नाही. फुटबॉलचे ३०० स्ट्रायकर कोंडायचे आणि एकमेकांना पाडून पुढे जायचं. 'हायक्यू'त हरलेल्या संघाचंही दुःख दाखवतात, मला ते हवंय. खेळ किंवा स्पर्धा असावी, जादू नको, गोष्ट पूर्ण झालेली असावी. मांगाही (जपानी चित्रकथा) चालेल. 'वन पीस' कृपया सुचवू नका. ते १९९७पासून चालूच आहे आणि आमची पुढच्या वर्षी दहावी आहे.

प्रतिसाद १ (नेरूळ):
ताई, डोळे मिटून 'स्लॅम डंक' घ्या. ताकेहिको इनोउएची मांगा, १९९० ते १९९६, ३१ खंड. नायकाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसतं. बाकीचे सामना खेळतात आणि हा कोपऱ्यात चेंडू आपटत बसतो, चरफडत. टीव्ही मालिका १०१ भागांची आहे, पण शेवटचा मोठा सामना तिच्यात नाहीच. तो २०२२च्या चित्रपटात आहे. म्हणून आधी मांगा, मग चित्रपट.

प्रतिसाद २ (घोडबंदर रोड):
'चिहायाफुरु' बघा. कारुता नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. १०० जुन्या कविता पाठ हव्यात. वाचणाऱ्याने कवितेचा पहिला भाग सुरू केला की उरलेला भाग लिहिलेला पत्ता झडप घालून उडवायचा. आपल्या भेंड्या जीव खाऊन खेळल्या तर असंच होईल. अ‍ॅनिमे तीन सीझननंतर मध्येच थांबतं. मांगा मात्र २०२२मध्ये ५० खंडांत पूर्ण झाली. हरणाऱ्यांबद्दल म्हणाल, तर इथे त्यांच्यावर भरपूर वेळ दिलाय.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही आभार. भाच्याला कारुता सांगितलं, तर "बसून खेळतात?" एवढंच म्हणाला. त्याच्यासाठी 'स्लॅम डंक'चा पहिला खंड मागवतेय. 'चिहायाफुरु' मी एकटीच बघेन. आणखी कोणी बुद्धिबळासारख्या बैठ्या खेळावरचं काही सुचवेल का? ते माझ्यासाठी.