एक कोटीचं स्वप्न दाखवताना निम्मं गणित का झाकता?

चक्रवाढ: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "दरमहा थोडं बाजूला टाका, तीस वर्षांनी एक कोटी जमतील, म्हातारपण निवांत." राहवलं नाही म्हणून लिहितोय. महागाई ६ टक्के धरा. १.०६ चा तिसावा घात ५.७४ येतो. म्हणजे त्या कोटीची किंमत आजच्या साडेसतरा लाखांच्या आत. शिवाय १० टक्के परताव्यातला १ टक्का फंडाच्या शुल्कात गेला, तर दरवर्षी ठरावीक रक्कम भरणाऱ्याच्या हाती तीस वर्षांनी सुमारे १७ टक्के कमी येतात. हे कुणीच का सांगत नाही?

निवांत: ती पोस्ट माझी. तुम्ही माणसाचा पगार तीस वर्षं गोठवून टाकलात! पगार वाढतो तसा हप्ताही वाढवता येतो. दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवला, तर त्याच १० टक्क्यांवर पुंजी पावणेदोन पटीहून जास्त होते. असले घाबरवणारे हिशोब वाचून माझ्या धाकट्या बहिणीने "एवढ्याने काय होणार" म्हणत आठ वर्षं एक पैसा टाकला नाही.

चक्रवाढ: हप्ता वाढवायचा, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठे होतं?

सांजवेळ: पुंजीवरून भांडताय, पण पुढे ती हातात कशी पडते ते बघा. बाबांनी निवृत्त होताना सगळी पुंजी आयुष्यभराच्या ठरावीक पेन्शनमध्ये घातली. दरवर्षी वाढणारा पर्याय होता, पण त्यात सुरुवातीचा आकडा लहान दिसला. त्यांची वही माझ्याकडे आहे. डाव्या पानावर दर महिन्याला तोच आकडा. उजवीकडे औषधांची यादी लांबत गेलेली, अकराव्या वर्षापासून समासात शिरलेली. एजंट "हमी, हमी" करत होता. त्या आकड्यात पुढे काय भागेल, यावर अवाक्षर नाही.

उलटतपासणी: म्हणून ठरावीक पेन्शन वाईट? दुसरा मार्ग काय, तर पुंजी बाजारातच ठेवून थोडी थोडी काढायची. आर्थिक नियोजक विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराचा इतिहास तपासून मांडलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईइतकी वाढ घ्या, तीस वर्षं पुरेल. माझ्या काकांनी त्यावर भिस्त ठेवली. पहिल्या दोन वर्षांतच त्यांच्या फंडाचा भाव कोसळला आणि घरखर्चासाठी पडत्या भावात युनिट विकावी लागली. बाजार सावरला, विकलेली युनिट गेली ती गेलीच. ऐंशीव्या वर्षी रोज भाव बघत बसायचं का?

सांजवेळ: बाबा शेवटी रक्तदाबाची अर्धीच गोळी घ्यायचे, पाकीट महिनाभर पुरावं म्हणून. आम्हाला कळू दिलं नाही. मला ठरावीक पेन्शनचं कौतुक सांगू नका.

उलटतपासणी: कौतुक करत नाहीये, आवाज चढवू नका. माझ्या काकांचेही हालच झाले. वाढती पेन्शन बरी, एवढं मान्य. पण सुरुवातीला कमी घ्यायची तयारी किती जणांची असते?

निवांत: गोळीचं वाचून काही सुचेना. ठीक आहे, माझ्या पोस्टमध्ये "आजच्या किमतीत" हा आकडा टाकतो. मग चक्रवाढ, तुम्हीही हप्तावाढीचा हिशोब टाका.

चक्रवाढ: टाकतो. शुल्काचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

सांजवेळ: वाढती पेन्शन घेतलेलं कुणी आहे का इथे? ठरावीकपेक्षा पहिल्या वर्षी किती कमी मिळाली आणि बरोबरीला यायला किती वर्षं लागली, ते सांगा. पुढच्या महिन्यात मला स्वतःला निवड करायची आहे.