उत्तरेची खिडकी असेल तर माझं मत बेजला

ताई, दादरच्या हॉलसाठी बेज की राखाडी झाक असलेला ऑफव्हाइट, हे शेडकार्डवरून ठरवू नका. त्यावरचा रंगाचा तुकडा फार लहान असतो. चारही भिंतींवर तोच रंग लावला की त्या एकमेकींवर उजेड टाकतात आणि तो जास्त गडद वाटतो. तुमची खिडकी उत्तरेला, म्हणजे थेट ऊन जवळपास नाहीच, उजेड निळसर. पावसाळ्यात राखाडी तिथे अगदी मलूल दिसेल. आमच्या समोरच्या इमारतीची भिंत हिरवी आहे, आणि तिची झाक आमच्या पांढऱ्या भिंतीवर उतरते हे रंगकाम झाल्यावर कळलं. फार हळहळलो तेव्हा.

दोन्ही रंगांचे छोटे डबे आणा, मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, ओला रंग फसवतो. मग ते खिडकीजवळ आणि आतल्या कोपऱ्यात, फरशी नि सोफ्याशेजारी ठेवून सकाळी, संध्याकाळी बघा. रात्री दिवे लावून तर नक्कीच. ६५०० केल्विनच्या (दिव्याच्या उजेडाची झाक सांगणारा आकडा) पांढऱ्या ट्यूबखाली बेज थंड वाटतो, ३००० च्या पिवळसर एलईडीखाली तोच लोण्यासारखा. दिवे बदलणार असाल तर ते आधी बदला, रंग नंतर निवडा.