पावसाआधी नऊ शोरूमची डागडुजी: सुरुवात कुठून?

प्रश्न: गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आमची नऊ शोरूम आहेत. स्लॅब गळतात, भिंतींना पोपडे, पत्रे गंजलेले. जूनआधी काय उरकावे? कंत्राटदार एकच ठेवावा का?

उत्तर १: आधी छत, रंग सर्वांत शेवटी. भेग १०-१२ मिमी व्ही-आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. वर गळती रोखणाऱ्या कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, मध्ये फायबर जाळी. पूर्ण वाळल्यावर ४८ तास पाणी साठवून बघा. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्याला गोलाई दिली नाही तर कोटिंग नेमके तिथेच फाटते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत ओल असताना प्लॅस्टिक पेंट अजिबात नको. ओल अडकते आणि पोपडे पुन्हा येतात.

उत्तर २: किनाऱ्याजवळ पत्र्याआधी स्क्रू जातात. वॉशर कडक झाला की पाणी स्क्रूच्या कडेने आत उतरते. ईपीडीएम (एक टिकाऊ रबर) वॉशर घ्या, पण फार आवळू नका. झिंक-अ‍ॅल्युमिनियम पत्र्याला स्टेनलेस स्क्रूही नकोत, भोकाभोवती पत्राच खाल्ला जातो.

उत्तर ३: दरपत्रक एकच, कंत्राटदार दोन: उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगळे. काम चौरस मीटरने मोजा, ठोक रकमेवर देऊ नका. कोटिंगमधली फायबर जाळी झाकण्याआधीचा फोटो आल्याशिवाय बिल पास करू नका, आणि १० टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा.