घरी बांधलेल्या विमानाचा विमा किती रकमेचा काढावा?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. भोसरीतल्या शेडमध्ये दोन सीटचं झेनिथ सीएच ७५० बांधतोय, इंजिन रोटॅक्स ९१२. किट, इंजिन, उपकरणं, जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी धरून खर्च ८५ लाखांवर गेलाय. रिव्हेट मारले मी आणि बायकोने, ती मजुरी यात धरलेली नाही. विमान ठेवायचा विचार बारामतीला आहे. थर्ड पार्टी भरपूर घेणार, दुसऱ्याच्या जिवाशी काटकसर नको. अडलंय ते हलच्या, म्हणजे खुद्द विमानाच्या नुकसानीच्या विम्यावर. प्रीमियम डोईजड होतोय, म्हणून एजंट म्हणतो ४० लाखांचाच काढा, अख्खं विमान थोडंच जातंय? काय करू?

सर्व्हेअर काका:
४० वर सही करू नका. माझी नोकरी विम्याच्या सर्व्हेतच गेली. विमानाच्या पॉलिसीत बहुधा किंमत आधीच ठरवून लिहितात. समजा, लँडिंगला पुढचं चाक दुमडलं. तुमच्या विमानात त्याचा भार फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर; ती वाकणार. प्रोपेलर जमिनीला लागला की रोटॅक्सचा गिअरबॉक्स उघडून तपासावाच लागतो. अंदाज आला ३२ लाख. विमा ८५ चा असेल तर कंपनी दुरुस्त करून देईल. ४० चा असेल तर ‘टोटल लॉस’ म्हणजे विमान पूर्ण गेलं असं धरेल, ४० देईल आणि सांगाडा घेऊन जाईल; तो विकला की त्यांना हे ३२ च्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं. धड असलेले पंख, पॅनेल, सगळं त्यांचं. तुम्ही दोघांनी बांधलेलं विमान हातातून जाईल हो! फुगवूनही लिहू नका, नाहीतर पार मोडलेलं विमानही दुरुस्तच करून घ्यावं लागतं. आज तसंच विमान पुन्हा उभं करायला जेवढे लागतील, तेवढे लिहा.

वाऱ्यावरचा:
काकांशी सहमत. प्रीमियम झेपत नसेल तर रक्कम पाडण्यापेक्षा फक्त जमिनीवरच्या धोक्याचा हल विमा विचारा. वळवाच्या वादळात हँगरचा पत्रा उडून पंखावर पडला तरी भरपाई मिळते. उड्डाणातली जोखीम मात्र तुमची.

भोसरीकर:
काका, सांगाड्याचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ८५ चंच कोटेशन मागवतो. पहिल्या चाचणी उड्डाणांना विमा लागू होतो का?

सर्व्हेअर काका:
काही पॉलिसींत सुरुवातीचे चाचणीचे तास वगळलेले असतात, आणि घरी बांधलेल्या विमानाला खरा धोका तेव्हाच. ते लेखी घ्या. पायलटची अटही वाचा: नाव कुणाचं, अनुभव किती तासांचा. त्याच्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत संपलेली असली तर क्लेम तिथेच अडकतो.